दोन वर्षांचं झालं, अजून बोलत नाही: पालकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या टपालात एकच काळजी पुन्हा पुन्हा आली: मूल बोलायला उशीर करतंय, थांबावं की दाखवावं? त्यातली निवडक पत्रं घेतली आहेत. बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-भाषा तज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न: मुलगा 22 महिन्यांचा आहे. आई, बाबा, दुदू आणि भूभू एवढंच बोलतो. समजतं मात्र सगळं. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, मुलगे उशिराच बोलतात. थांबून बघावं का? (सांगली)

हातावर हात ठेवून थांबू नका. आजार आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तपासणीत गेलेले तीन आठवडे वाया जात नाहीत आणि नुसतं वाट बघण्यात गेलेलं वर्ष परत मिळत नाही.

आधी शब्द नीट मोजा. मूल स्वतःहून, प्रत्येक वेळी त्याच अर्थाने वापरतं तो शब्द. उच्चार शुद्ध असायची गरज नाही. पाण्याला तो दर वेळी ‘पा’ म्हणत असेल तर तो शब्द झाला. ‘माऊ’, ‘काऊ’, ‘हम्मा’, ‘भूर’, ‘बाऊ’, ‘मंमं’ हे सगळे शब्दच. तुम्ही म्हणायला लावल्यावर एकदाच म्हटलेला शब्द मात्र धरू नका. चार आठवडे फ्रिजवर एक कागद लावून ठेवा. तारीख, तो काय म्हणाला (त्याच्याच उच्चारात) आणि कशासाठी म्हणाला, अशा तीन गोष्टी लिहा. ‘चार-पाच शब्द’ सांगणाऱ्या बऱ्याच घरांत कागदावर पंधरा भरतात. काही घरांत उलटंही होतं.

आता अंदाज. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. 16 ते 18 महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल तर तपासणी हवी. दोन वर्षांपर्यंत निदान 50 शब्द हवेत आणि दोन शब्दांची जोडणी सुरू व्हायला हवी: ‘दुदू दे’, ‘माऊ गेली’, ‘बाबा भूर’. दोन वर्षांच्या शंभर मुलांत साधारण 10 ते 15 मुलं या रेषेच्या मागे असतात. त्यातली बरीच तीन-चार वर्षांपर्यंत इतरांना गाठतात. पण कोणतं मूल गाठणार हे बाविसाव्या महिन्यात खात्रीने सांगता येत नाही. काही खुणांवरून कल मात्र कळतो. मूल बोट दाखवतं, टाटा करतं, नाही म्हणताना मान हलवतं, खोटं खोटं जेवण भरवतं, बडबडीत वेगवेगळी व्यंजनं असतात आणि सांगितलेलं समजतं, तर चित्र आशादायक असतं. हातवारे कमी, आवाज मोजकेच आणि समजही कमी असेल तर एक दिवसही थांबू नका.

समजतं की नाही, हे घरी फसवं वाटतं. आईने पर्स घेतली, चप्पल घातली आणि ‘चल, भूर जायचं’ म्हटलं की मूल दाराशी धावतं. त्याला शब्द कळला असेल किंवा नुसती पर्स दिसली असेल. म्हणून असं करा. जमिनीवर बसा, हात मांडीवर ठेवा, त्याच्याकडेच बघा आणि कुठेही बोट न दाखवता, नजर न वळवता म्हणा, ‘तुझी चप्पल कुठंय?’ मग ‘बॉल आण’, ‘नाक दाखव’. दीड वर्षाच्या मुलाला यातलं बरंचसं जमतं. दोन वर्षांच्या आसपास ‘बॉल घे आणि आजीला दे’ अशी दोन टप्प्यांची सूचना जमायला हवी.

सासूबाईंचं निरीक्षण उपयोगाचं आहे, डॉक्टरांना जरूर सांगा. मात्र बाबा उशिरा बोलले म्हणजे मुलगाही आपोआप बोलेल, असा त्याचा अर्थ नाही. घरात उशिरा बोलण्याचा इतिहास असणं हे तपासणी लवकर करण्याचंच एक कारण आहे. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक सरासरी महिन्या-दोन महिन्यांचा. बाविसाव्या महिन्यात चार शब्द, हे त्यात बसत नाही.

प्रश्न: मुलगी दोन वर्षांची. मागून ताट वाजवलं की वळते, कुकरच्या शिट्टीला कान झाकते. जन्मल्यावर हॉस्पिटलात कानाची टेस्ट ‘पास’ होती. तरी डॉक्टरांनी बेरा (कानाच्या नसेची तपासणी) करायला सांगितलंय. खरंच गरज आहे? झोपेचं औषध देतात म्हणून भीती वाटते. (नाशिक)

गरज आहे. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानाची, मग ते मूल कितीही चटपटीत असो. घरच्या ताटावर आणि टाळीवर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ताट, कुकर, दाराची धाडकन आदळ हे आवाज मोठे असतात. आपण बोलतो त्यातले ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजनं हळू असतात आणि त्यातली ‘स’, ‘श’सारखी बरीच वरच्या पट्टीतली. ज्या मुलाला फक्त वरच्या पट्टीत कमी ऐकू येतं ते हाक मारल्यावर वळतं, गाण्यावर नाचतं, पण ‘हात’, ‘साप’, ‘सात’ यांतला फरक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शब्दाचा अर्धा भाग रोज गाळून ऐकणारं मूल बोलणार कसं? शिवाय ताट वाजवणाऱ्याची सावली, हवेची झुळूक, फरशीची थरथर यांवरूनही मूल वळतं.

जन्मानंतर केलेली टेस्ट बहुधा ओएई असते. कानात छोटी नळी ठेवतात, बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. काही मिनिटांत होते. ती कानातल्या पेशी तपासते, पण तिथून मेंदूपर्यंत जाणारी नस तपासत नाही. आणि तेव्हा ‘पास’ म्हणजे तेव्हापुरतं पास. नंतरचा मेंदूज्वर, काही जन्मजात संसर्ग आणि काही आनुवंशिक कारणांमुळे ऐकू येणं पुढे कमी होऊ शकतं. जन्मतः अतिदक्षता विभागात राहिलेलं किंवा रक्त बदलण्याइतकी कावीळ झालेलं मूल असेल तर ओएईवर थांबूच नये.

बेरामध्ये कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, इअरफोनमधून आवाज देतात आणि नसेचा प्रतिसाद पडद्यावर बघतात. दुखत नाही. फक्त मूल गाढ झोपलेलं हवं, कारण हलल्याने रेषा बिघडतात. बऱ्याच अडचणी तयारीत राहिलेल्या त्रुटींमुळे येतात, म्हणून हे लक्षात ठेवा. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल अजिबात लावू नका, तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. येताना गाडीत किंवा रिक्षात झोपू देऊ नका, नाहीतर तिथे पोचल्यावर मूल टक्क जागं. तिची रोजची पांघरूण-बाहुली सोबत घ्या. बरीच मुलं नैसर्गिक झोपेतच तपासली जातात.

औषध लागलंच तर वजनावरून मोजलेलं सिरप देतात. ते तिथेच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं यंत्र बोटाला लावून द्यायला हवं. घरून पाजून या, असं कोणी सांगितलं तर नकार द्या. औषधाआधी किती वेळ दूध-जेवण बंद ठेवायचं ते विचारून घ्या. सर्दी, ताप, घोरणं किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधी सांगा.

तिसरी तपासणी इम्पिडन्स. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय का, ते दोन मिनिटांत कळतं. सतत सर्दी, तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं अशा मुलांत हे फार वेळा सापडतं. त्या मुलाला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं येतं, आणि तेही एक दिवस बरं तर एक दिवस वाईट. हे पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी थांबून पुन्हा तपासतात. त्यानंतरही राहिलं आणि ऐकण्यावर परिणाम होत असेल तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. कानात तेल घालू नका, त्याने यातलं काहीच सुधारत नाही.

तिन्ही रिपोर्ट जपून ठेवा. ‘नॉर्मल’ एवढ्यावर समाधान मानू नका, दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

प्रश्न: मुलगा 26 महिन्यांचा. ए पासून झेडपर्यंत म्हणतो, वीसपर्यंत इंग्रजीत मोजतो, रंगांची नावं सांगतो. पण पाणी हवं असेल तर माझा हात धरून फ्रिजकडे नेतो, ‘आई’ म्हणून हाक मारत नाही. हुशार आहे, फक्त आमच्याशी बोलत नाही, असं म्हणावं का? (पुणे)

तुम्ही जे बारकाईने लिहिलंय तेच महत्त्वाचं आहे. पाठ असलेले अंक-अक्षरं आणि दुसऱ्याला काही सांगण्यासाठी वापरलेला शब्द, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. ‘पाणी’ हा एक शब्द स्वतःहून मागण्यासाठी वापरणं हे अख्ख्या बाराखडीपेक्षा मोठं पाऊल आहे.

हात धरून फ्रिजकडे नेणं आणि बोट दाखवणं यांत फरक आहे. बोट दाखवण्याचेही दोन प्रकार आहेत. एक ‘ते दे’ म्हणून, दुसरं ‘ते बघ!’ म्हणून. विमान दिसलं की वर बोट करून मूल आईच्या तोंडाकडे बघतं, तिनेही बघितलं का याची खात्री करतं. हे दुसरं बोट 12 ते 15 महिन्यांच्या दरम्यान दिसायला लागतं आणि दीड वर्षापर्यंत नसेल तर लक्ष द्यायला हवं. नावाने हाक मारल्यावर दहापैकी किती वेळा वळतो? डोळ्यांत बघून हसतो का? गाडी चालवतो की फक्त चाकं फिरवत बसतो? नवीन खेळणं आणून तुम्हाला दाखवतो का? या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

ऑटिझमची (इतरांशी संवाद साधणं, मिसळणं वेगळ्या पद्धतीने होणारी विकासातली अवस्था) शक्यता बघायला 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची चाचणी आहे. बालरोगतज्ज्ञ ती तुमच्याकडून दहा मिनिटांत भरून घेतात. 0 ते 2 गुण म्हणजे शक्यता कमी, 3 ते 7 म्हणजे पुढचे सविस्तर प्रश्न विचारायचे, 8 किंवा जास्त म्हणजे थेट विकासतज्ज्ञांकडे. ही फक्त चाळणी आहे. तीत गुण जास्त आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, आणि कमी आले म्हणून तुमची शंका मिटवायची असंही नाही. निदान विकासतज्ज्ञ मुलाशी खेळून, तुमच्याशी बोलून आणि वागणं पाहून करतात. रक्त किंवा एमआरआय तपासून ते ठरत नाही. आणि निदान व्हायची वाट न बघता बोलण्याचं काम सुरू करता येतं. यापुढे ‘ए फॉर’ची उजळणी आणि पाहुण्यांसमोर आकडे म्हणून दाखवणं थांबवा, तेवढा वेळ मागण्या-सांगण्याच्या शब्दांना द्या.

प्रश्न: आम्ही बेंगळुरूला असतो. मी मराठी बोलते, मुलीला सांभाळणारी ताई हिंदी, खाली खेळायला गेली की कन्नड, प्लेग्रुपात इंग्रजी. मुलगी दोन वर्षांची, शब्द कमी. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणतात, घरीही एकच भाषा ठेवा, इंग्रजी. (बेंगळुरू)

दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला उशीर करत नाही. जे मूल उशिरा बोलणार असतं ते एका भाषेतही उशिराच बोलतं. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा: ‘पाणी’, ‘बॉल’, ‘नहीं’, ‘बा’ (कन्नडमध्ये ‘ये’) हे चार शब्द झाले. एकूण 50 च्या आसपास असतील आणि ‘बॉल दे’ अशी सरमिसळ जोडणी होत असेल तर काळजीचं कारण नाही. भाषांची सरमिसळ म्हणजे गोंधळही नाही.

घरी मराठीच बोला. कारण साधं आहे. ज्या भाषेत तुम्ही सहज रागावता, लाड करता, गोष्ट सांगता, त्याच भाषेत तुमचं बोलणं भरपूर आणि जिवंत असतं. परक्या भाषेत ओढून बोललं की वाक्यं तुटक होतात, बोलणंच कमी होतं, आजी-आजोबांशी तर संवादच तुटतो. आणि शब्द खरंच कमी असतील तर भाषांना दोष देऊन थांबू नका, कान तपासा.

प्रश्न: मुलगा 20 महिन्यांचा, मोबाईलशिवाय घास घेत नाही. तो बंद केला की बोलायला लागेल ना? (लातूर)

बंद करायलाच हवा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली पडदा नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षं, दिवसाला जास्तीत जास्त एक तास. नुकसान मुख्यतः असं होतं: पडदा चालू असताना मूल बोलत नाही आणि घरातली मोठी माणसंही त्याच्याशी बोलत नाहीत. मागे नुसता चालू असलेला टीव्हीसुद्धा आईबाबांची वाक्यं कमी करतो.

सुरुवात जेवणापासून करा. सगळ्यांबरोबर जमिनीवर ताट, त्याला हातात पोळीचा तुकडा, सांडू द्या. पहिले काही दिवस तो रडेल, कमी खाईल. अर्ध्या तासाने ताट उचला, पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी. निरोगी मूल स्वतःला उपाशी ठेवत नाही, पण वजन आधीच कमी असेल किंवा पाणीही घेत नसेल तर डॉक्टरांना विचारून करा. बिघडतं ते एकाच कारणाने: आई बंद करते आणि आजोबा ‘बिचारा’ म्हणून देतात. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी आधी बसून ठरवा.

एक मात्र लक्षात घ्या. मोबाईल हेच कारण असं गृहीत धरून तपासण्या पुढे ढकलू नका. हल्ली ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे मोबाईलमुळे झालेला ऑटिझम, असा शब्द फिरतो. ते कोणतंही मान्य निदान नाही. मोबाईल बंद करणं आणि कान तपासणं, दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.

प्रश्न: घरचे म्हणतात जीभ जड आहे, वेखंड मधात उगाळून चाटव. जिभेखालची तार कापून घ्यावी का? (रत्नागिरी)

नको. जिभेखालची तार आखूड असेल तर दूध ओढायला त्रास होऊ शकतो, पुढे ‘ल’, ‘र’, ‘ट’ असे काही वर्ण अडू शकतात. पण त्यामुळे मूल गप्प राहत नाही. तार आखूड असलेलं मूल अस्पष्ट का होईना, बोलतं. शब्दच नाहीत म्हणून तार कापली तर शब्द येत नाहीत. वेखंड पोटात गेल्याने मुलांना जोरात उलट्या झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत आणि बोलण्यावर त्याचा उपयोग नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातल्या जीवाणूंमुळे बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

प्रश्न: जुळी मुलं, 32 व्या आठवड्यात झाली. आता 20 महिन्यांची, दोघांचे मिळून सहा-सात शब्द. (अकोला)

लवकर जन्मलेल्या मुलांचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून धरतात. 40 मधून 32 वजा, म्हणजे 8 आठवडे. तुमची मुलं विकासाच्या हिशेबात सव्वाअठरा महिन्यांची धरा. शब्द प्रत्येकाचे वेगळे मोजा. जुळ्यांच्या वाट्याला आईबाबांशी एकेकटं बोलणं कमी येतं, म्हणून रोज प्रत्येकाला पंधरा मिनिटं दुसऱ्याशिवाय द्या, एकाला आंघोळीला घेताना दुसरा आजीकडे. काचेच्या पेटीत राहिली असतील तर दोघांचीही बेरा हवी.

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची असताना दहा-बारा शब्द बोलायची. आता 21 महिन्यांची, सगळे बंद झाले. दात येतात म्हणून असेल का? (ठाणे)

दातांमुळे शब्द जात नाहीत. आलेले शब्द, हसून बघणं किंवा टाटा करणं गेलं तर ती कोणत्याही वयात तातडीची गोष्ट आहे. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा. जाताना ती बोलायची तेव्हाचे मोबाईलमधले व्हिडिओ आणि आत्ताचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा. मधूनच टक लावून बघणं, झटके, झोपेत विचित्र हालचाली होत असतील तर त्याचाही व्हिडिओ काढा. कान, ऑटिझम आणि फिट्स या तिन्ही अंगांनी तपासणी होईल.

प्रश्न: कान नॉर्मल आले. थेरपिस्टची तारीख दीड महिन्याने आहे. तोपर्यंत घरी नेमकं काय करायचं? ‘त्याच्याशी खूप बोला’ असं सगळे सांगतात, पण मी दिवसभर बोलतेच. मुलगा 25 महिन्यांचा. (जळगाव)

‘खूप बोला’ हा सल्ला अर्धाच आहे. आई न थांबता बोलत राहिली तर मुलाला मध्ये शिरायला फटच मिळत नाही.

आधी शब्द निवडा. रंग, फळं, प्राणी यांच्या तक्त्यावरचे नकोत. दिवसातून वीसदा उपयोगी पडतील असे आठ-दहा: दे, अजून, नको, उघड, ये, वर, गेलं, संपलं, पाणी, भूर. यात क्रियापदं मुद्दाम आहेत. मराठीत नुसतं ‘दे’ हे पूर्ण वाक्य होतं, आणि पुढे दोन शब्द जोडायला क्रियापदच लागतं. फक्त नावंच शिकलेलं मूल ‘केळं, बॉल, गाडी’ यावर अडकून राहतं. हे शब्द घरातल्या सगळ्यांना सांगा, सगळ्यांनी तेच वापरावेत. आई ‘पाणी’, आजी ‘पापा’ आणि बाबा ‘वॉटर’ असं नको.

मग त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, समोरासमोर. तो काय करतोय ते बघा आणि त्याच्याबद्दलच बोला, छोट्या वाक्यांत. तो गाडी ढकलतोय: ‘गाडी गेली. गेली! ...धडाम.’ एवढंच. एक प्रश्न विचारलात तर तीन-चार वाक्यं नुसती सांगण्याची असू द्या. ‘हे काय आहे? म्हण ना, म्हण केळं’ ही परीक्षा बंद. अशा परीक्षेत मुलं तोंड फिरवतात आणि पुढच्या वेळी तुम्ही बसलात की उठून जातात.

सगळ्यात अवघड भाग थांबण्याचा. झाकण घट्ट लावलेल्या पारदर्शक डब्यात चुरमुरे ठेवून डबा त्याच्या हातात द्या. तो उघडायला बघेल, जमणार नाही, तुमच्याकडे बघेल. आता लगेच ‘उघडू?’ म्हणू नका. भुवया उंचावून, हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत मनात दहापर्यंत मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात, बहुतेक घरांत आई तिसऱ्याच सेकंदाला बोलते. तो डबा पुढे करेल, ‘उं’ करेल, ‘उग’ म्हणेल, काहीही केलं की लगेच ‘उघड! उघडला’ म्हणत उघडा आणि दोन-तीनच दाणे द्या, म्हणजे ‘अजून’ची वेळ येईल. शब्द आल्याशिवाय खाऊ द्यायचाच नाही, असं मात्र कधीही करू नका. प्रयत्नाचं फळ मिळालं पाहिजे. खाऊ अडवून ठेवला तर रडारड होते आणि खेळ मोडतो. (शेंगदाणे, चणे, द्राक्षं या खेळात नकोत, ती घशात अडकतात.) हाच प्रकार साबणाच्या फुग्यांनी, झोक्यावर किंवा किल्लीच्या खेळण्याने करता येतो: एकदा करा, थांबा, वाट बघा.

तो एक शब्द बोलला की तुम्ही एक वाढवून परत द्या. ‘माऊ’ला ‘माऊ पळाली’. ‘पाणी’ला ‘पाणी दे’. ‘माऊ पळाला’ म्हणाला तर ‘चूक’ म्हणायचं नाही, ‘हो, माऊ पळाली!’ एवढंच. लिंगं पुढे आपोआप बसतात. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘र’ला ‘ल’ हेही या वयाचंच आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

दिवसातून दहा-दहा मिनिटं तीनदा पुरे: आंघोळ, जेवण आणि झोपताना एक चित्रांचं पुस्तक. पुस्तक रोज नवं नको. तेच पुस्तक पंधरा दिवस, आणि ओळखीच्या ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबायचं. चार आठवड्यांनी फ्रिजवरचा कागद बघा. शब्दांच्या आधी हातवारे, नजर आणि आवाज वाढतात, तीही प्रगतीच आहे, तीही लिहा. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टकडे लवकरची तारीख मागा.

प्रश्न: तालुक्याला स्पीच थेरपिस्ट नाही. शहरात एका ठिकाणी तीन महिन्यांत बोलतं करून देण्याची हमी देतात आणि पॅकेजचे पैसे आधी मागतात. काय करावं? (यवतमाळ जिल्हा)

हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. जबाबदार थेरपिस्ट महिन्यांची हमी देत नाही.

तुमच्यासाठी पहिलं दार अंगणवाडीचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि बोलायला उशीर, ऐकू कमी येणं हे त्यांच्या तपासणीच्या यादीतच आहे. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना पुढची तारीख विचारा. तारीख लांब असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, लोक त्याला डीईआयसी म्हणतात. तपासणी आणि पुढचे उपचार तिथे मोफत आहेत. नेताना माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळची डिस्चार्जची कागदपत्रं आणि शब्दांचा कागद घ्या. मुंबईला जाणं शक्य असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र सरकारची ही संस्था वाचा आणि श्रवण याच विषयाची आहे.

खाजगीत जायचं तर आधी भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. वाचा-श्रवण तज्ज्ञाला तो असतोच आणि परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येतो. पहिल्या भेटीत कानाचा रिपोर्ट मागतात का, तासभर तरी मुलाचं खेळणं बघतात का, याकडे लक्ष द्या. पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं ते लिहून मागा: ‘स्वतःहून दहा शब्दांनी मागेल’ असं मोजता येईल असं, ‘बोलण्यात सुधारणा’ असं गोल नको. सत्रात आईला किंवा बाबांना आत बसवतात का, हे सगळ्यात महत्त्वाचं. आठवड्याला पाऊण तास थेरपिस्टकडे आणि बाकीचा आठवडा घरी, तेव्हा काम कुणी शिकायचं हे उघड आहे. दार बंद करून मुलाला आत नेणारं केंद्र टाळा. सत्राचा बराच वेळ शिट्ट्या वाजवण्यात, स्ट्रॉने फुंकण्यात किंवा जिभेच्या व्यायामात जात असेल तर कारण विचारा. त्याने शब्द येत नाहीत.

प्रवास परवडत नसेल तर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मध्ये दोनदा व्हिडिओ कॉलवर, अशी घडी अनेक थेरपिस्ट बसवून देतात. कॉलवर मुलाला पडद्यासमोर बसवायचं नसतं. तुम्ही त्याच्याशी खेळायचं, थेरपिस्टने बघायचं आणि तुम्हाला सांगायचं, ‘आता थांबा, त्याला बोलू द्या.’